सुंदरलाल-अहवालाचें साधनपरीक्षण : औरंगाबाद जिल्ह्याच्या बाजूनें

१९४८ च्या सप्टेंबर महिन्यांत हैदराबाद संस्थानावर जी लष्करी मोहीम झाली तिला सरकारी भाषेंत 'पोलीस कारवाई' असें नांव मिळालें, आणि सैन्याच्या गुप्त कागदांत 'पोलो' असें. मराठवाड्यांत मात्र तिला नुसतें 'ॲक्शन' म्हणण्याचा प्रघात पडला. 'ॲक्शनच्या आधीं', 'ॲक्शनच्या सालीं' अशी कालगणनाहि वृद्ध मंडळींच्या बोलण्यांत येत असे. एकाच प्रसंगास तीन नांवें असणें ही संशोधकानें सावधगिरीची सूचना समजावी. कारण या तीन नांवांचीं साधनें तीन निरनिराळ्या ठिकाणीं पडलेलीं आहेत, आणि तीं एकत्र ठेवून वाचण्याचा प्रयत्न मराठींत फारच थोडा झाला आहे. प्रस्तुत लेखांत या मोहिमेविषयींच्या ज्या एका कागदानें अलीकडे विशेष खळबळ उडविली, त्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. परीक्षण औरंगाबाद जिल्ह्याच्या, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगराच्या, बाजूनें कां करावयाचें तें ओघानें ध्यानांत येईल.

प्रथम कागदाची हकीकत. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या. १७ तारखेस निजामानें युद्ध थांबविल्याचें जाहीर केलें. १८ तारखेस संस्थानी फौजेचा सेनापति एल् एद्रूस हा मेजर-जनरल जे. एन. चौधरी यांस शरण आला. यापुढच्या दोन महिन्यांत संस्थानांतील मुसलमान रयतेच्या कत्तलीच्या वार्ता दिल्लीस वारंवार येऊं लागल्या, तेव्हां पंतप्रधान नेहरू यांनीं पंडित सुंदरलाल, काजी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी या तिघांचें शिष्टमंडळ तिकडे धाडिलें. तें २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ पर्यंत संस्थानांत होतें. एकंदर १६ जिल्ह्यांपैकीं ९ जिल्हे त्यांनीं फिरून पाहिले. ७ जिल्ह्यांचीं मुख्य ठाणीं, २१ कसबे व २३ मोठीं गांवें यांस भेटी दिल्या. आणि ज्या गांवीं जातां आलें नाहीं अशा १०९ गांवांतील ५०० हून अधिक माणसांच्या हकीकती ऐकून घेतल्या. परत आल्यावर त्यांनीं अहवाल सादर केला. सरकारनें तो छापला नाहीं.

सुंदरलाल यांचा 'भारत में अंग्रेजी राज' हा ग्रंथ १९२९ सालीं इंग्रज सरकारनें जप्त केला होता. ज्याचें पुस्तक परक्या राज्यकर्त्यांनीं जप्त केलें त्याचाच अहवाल स्वकीय राज्यकर्त्यांनीं कपाटांत बंद करावा, हा योगायोग चमत्कारिक खरा. परंतु त्यावरून अहवालाच्या खरेखोटेपणाविषयीं कांहींच निष्पन्न होत नाहीं, हेंहि लागलीच सांगितलें पाहिजे. कारण अलीकडे या अहवालाविषयीं जें लिहिलें जातें त्यांत मुख्य घोटाळा नेमका येथेंच आहे. कागद गुप्त होता, म्हणून तो खरा, असें एक पक्ष धरून चालतो. कागद सरकारनें स्वीकारला नाहीं, म्हणून तो टाकाऊ, असें दुसरा. हे दोन्ही पक्ष अहवाल वाचण्याचे श्रम वांचवितात.

गुप्ततेची ही हकीकतहि तपासून पाहण्याजोगी आहे. २०१३ सालीं ब्रिटिश आकाशवाणीवर या अहवालाविषयीं कार्यक्रम झाला आणि पासष्ट वर्षांचें रहस्य प्रथमच उलगडलें, असा सार्वत्रिक समज झाला. वस्तुस्थिति तशी नाहीं. ओमर खालिदी यांनीं १९८८ सालीं संपादिलेल्या हैदराबादविषयक लेखसंग्रहांत हा अहवाल छापलेला आहे. २००१ सालीं ए. जी. नूरानी यांनीं त्यांतील उतारे एका इंग्रजी पाक्षिकांत दिले व पुढें २०१३ च्या आपल्या ग्रंथांत तो पूर्ण दिला. मूळ कागद दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत पाहावयास मिळूं लागला. म्हणजे ज्यास गुप्त म्हणावयाचें तें सिकंदराबादपासून शिकागोपर्यंतच्या ग्रंथालयांत पंचवीस वर्षे उघडें पडून होतें. आमच्याकडे तें कोणी उघडलें नाहीं, एवढेंच. सरकारी कुलूप व वाचकांची अनास्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा दोष पहिलीवर टाकणें सोयीचें असतें.

तथापि कुलपानें अनर्थ केलाच नाहीं असें नाहीं. १९५० सालीं विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ या विद्वानानें या मोहिमेवर एक लेख लिहिला. अहवाल सादर झाला आहे पण प्रसिद्ध झालेला नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. आणि त्यांत मृतांचा आकडा ५०,००० दिला आहे असें सर्वत्र मानलें जातें, असें तो नमूद करितो. इतर जबाबदार लोकांचे अंदाज २,००,००० पर्यंत जातात, असेंहि तो सांगतो. आतां प्रत्यक्ष अहवाल पाहावा, तर त्यांतील आकडा २७,००० ते ४०,००० असा आहे. म्हणजे अहवाल बंद राहिल्यानें मृतांची संख्या लोकांच्या मुखांत कमी झाली नाहीं, ती वाढली. जो कागद छापल्यानें सरकारास लाज वाटली असती, तो न छापल्यानें त्याहून अधिक वाईट मजकूर त्या कागदाच्या नांवावर खपला. सरकारी दप्तरें बंद ठेवणाऱ्यांनीं हा एक अनुभव ध्यानांत घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रांतील इतिहासभक्तांस बंद दप्तराचा अनुभव नवा नाहीं. पुण्याचें पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ होतें. त्यांत काय आहे व काय नाहीं याविषयीं नाना तर्क चालत. अखेर रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्याचे निवडक ४५ खंड निघाले. तेव्हां कित्येक जुने समज कोसळले, कित्येक दृढ झाले. पण सर्वांत मोठी गोष्ट घडली ती ही कीं, पुष्कळसे कागद अगदीं साध्या हिशेबाचे व नित्याच्या कारभाराचे निघाले, आणि इतिहास त्यांवरच अधिक भक्कम उभा राहिला. सुंदरलाल-अहवालाकडेहि याच वृत्तीनें पाहावें. लिहिणारा कोण, केव्हां लिहिलें, कोणास लिहिलें, स्वतः पाहिलें किती व ऐकिलें किती, हे जे प्रश्न आपण बखरीस विचारतों तेच या कागदास विचारले पाहिजेत.

लिहिणारे तिघेहि राष्ट्रीय वृत्तीचे. काजी अब्दुल गफार हे हैदराबादच्या 'पयाम' या उर्दू पत्राचे संपादक म्हणून प्रसिद्ध होते. इत्तेहादुल मुसलमीनच्या धोरणाचे ते पाठीराखे नव्हते. म्हणजे रझाकारांविषयीं प्रेम असल्यामुळें यांनीं लिहिलें, असा आक्षेप घेण्यास जागा नाहीं. काळ घटनेपासून दोन-तीन महिन्यांचा. प्रत्यक्ष पाहणारे जिवंत, विहिरी व जळकीं घरें जागेवर. हा पुरावा समकालीनच मानला पाहिजे. परंतु कामाचें स्वरूप चौकशीचें नव्हतें. आपण चौकशीमंडळ नसून दोन समाजांत पुन्हां सलोखा जुळविण्यास आलेले लोक आहोंत, असें समितीनें स्वतःच स्पष्ट केलें आहे. तिनें ३१ जाहीर सभांत भाषणें केलीं. कोणाची उलटतपासणी केली नाहीं, शपथेवर जबानी घेतली नाहीं. तेव्हां अहवालांतील साधा वृत्तांत आणि अहवालांतील संख्या यांस सारखें वजन देतां येणार नाहीं. गांवांतून मुसलमान पुरुषांस बाहेर काढून मारल्याचा वृत्तांत दूरदूरच्या अनेक ठिकाणच्या लोकांनीं स्वतंत्रपणें सांगितला असेल, तर तो टिकतो. बेरीज मात्र समितीनें केलेली आहे, आणि बेरजेची परीक्षा गणितानेंच व्हावयास पाहिजे.

ती करून पाहूं. अहवालाप्रमाणें उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत मृतांची संख्या १८,००० हून कमी नाहीं. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत ती निदान ५,०००. एकूण ८ जिल्ह्यांचे २३,००० झाले. सबंध संस्थानाचा आकडा मात्र २७,००० ते ४०,०००. मग उरलेल्या आठ जिल्ह्यांच्या वांट्यास ४,००० पासून १७,००० पर्यंत येतात. आतां हेच आठ जिल्हे सर्वांत अधिक पीडित होते असें अधिकाऱ्यांनीं सांगितल्यावरून आपण तेथेंच लक्ष घातलें, असें समिती म्हणते. कमी पीडित जिल्ह्यांत १७,००० मेले असें धरलें, तर तो आकडा अत्यंत पीडित चार जिल्ह्यांच्या जवळपास जातो. हें जुळत नाहीं. '१८,००० हून कमी नाहीं' व 'निदान ५,०००' या शब्दांतील 'निदान' पुष्कळ ताणलें, तर वरची मर्यादा गांठतां येईल, पण तें ताणण्यास आधार अहवालांत दिसत नाहीं. यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, २७,००० ही खालची मर्यादा समितीनें पाहिलेल्या व ऐकिलेल्या गोष्टींशीं सुसंगत आहे, आणि ४०,००० ही वरची मर्यादा केवळ अनुमान आहे. वर्तमानपत्रांतून मात्र '४०,०००' हाच आकडा उचलला जातो, कारण तो मोठा आहे. उलट बाजूचे लोक त्याच आकड्याची थट्टा करून २७,००० हि उडवून लावतात. दोघांनाहि ही बेरीज एकदां करून पाहण्याची गरज वाटलेली नाहीं.

आणखी एक खबरदारी मराठवाड्याच्या अभ्यासकास घ्यावी लागते. १९४८ चे जिल्हे म्हणजे आजचे जिल्हे नव्हेत. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांत जालना, अंबड व भोकरदन हे तालुके होते. जालना हा निराळा जिल्हा १ मे १९८१ पासून झाला. उस्मानाबादेंत लातूर होतें. तें १९८२ सालीं निराळें झालें. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तर त्या वेळीं बीदर जिल्ह्यांत मोडत. लातूर हें रझाकारांचा नेता कासीम रझवी याचें गांव. तेथें कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारें दहा हजार मुसलमान वस्तींतून समितीस अवघी तीन हजार उरलेली दिसली. हजारांहून अधिक मारले गेले व बाकीचे परागंदा झाले, असें अहवालांत आहे. हा मजकूर त्या कोष्टकांत उस्मानाबादेच्या खातीं जातो. म्हणून आजच्या नकाशावर जुने आकडे पसरून 'अमक्या जिल्ह्यांत कांहींच झालें नाहीं' असें विधान करणें हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार आहे.

आतां औरंगाबादेकडे वळूं. लष्करी मोहिमेचा सरकारी इतिहास एस्. एन्. प्रसाद यांनीं लिहिला व संरक्षण खात्याच्या इतिहासशाखेनें तो १९७२ सालीं प्रसिद्ध केला. मोहिमेची योजना प्रथम दक्षिण विभागाचे सेनापति लेफ्टनंट-जनरल गोडार्ड यांनीं आंखिली होती. मुख्य घाव सोलापुराकडून व दुसरा बेजवाड्याकडून घालावयाचा, आणि औरंगाबादेसारख्या ठिकाणीं दुय्यम तुकड्यांनीं दाब द्यावयाचा, असें तिचें स्वरूप होतें. सोलापुराकडील तुकड्यांस 'स्मॅश', 'स्ट्राइक', 'किल्' व 'वीर' अशीं नांवें दिलीं होतीं. या नांवांवरून ज्यास केवळ पोलिसांची कारवाई म्हटलें ती सैन्याच्या मनांत काय होती, हें कोणासहि कळावें. औरंगाबादेच्या बाजूस मेजर-जनरल डी. एस्. ब्रार होते. पायदळ व चिलखती घोडदळ यांच्या सहा तुकड्या शहरावर चालून आल्या, आणि १४ सप्टेंबर रोजीं दुपारीं मुलकी अधिकाऱ्यांनीं बाहेर येऊन शहर स्वाधीन केलें. दुसऱ्या दिवशीं जालन्यास मात्र शीख पलटणीची एक व जोधपूर पायदळाची एक अशा दोन कंपन्या आणि १८ व्या घोडदळाचे कांहीं रणगाडे यांस हैदराबादी फौजेनें चिकाटीनें अडविलें. पुढें तेंहि पडलें.

म्हणजे ज्या शहरांत आमचे वाचक राहतात तें शहर मोहिमेच्या दुसऱ्याच दिवशीं जवळजवळ लढाईवांचून हातीं आलें. लष्करी इतिहासाच्या दृष्टीनें येथेंच औरंगाबादेचें प्रकरण संपतें. व्ही. पी. मेनन यांनीं आपल्या १९५६ च्या ग्रंथांत या मोहिमेंतील मृतांचा आकडा आठशेहून थोडा अधिक दिला आहे. रझाकारांची निराळी गणती धरून जे इतर सरकारी आकडे आहेत ते दोन-तीन हजारांच्या घरांत जातात. हे सर्व संस्थानभरचे आकडे. सुंदरलाल-अहवालांत औरंगाबाद ज्या चार जिल्ह्यांत धरलें आहे त्यांचे निदान ५,०००, म्हणजे सरासरीनें जिल्ह्यास १,२५०. सरासरी ही सरासरीच. औरंगाबादेचा वांटा त्याहून कमीहि असेल. पण संस्थानांतील एकंदर लढाईंत मेनन यांच्या मतें जितके पडले, त्याच्या आसपासचे लोक केवळ एका जिल्ह्यांत, लढाई न होतां, मेले असण्याचा संभव या अहवालावरून उत्पन्न होतो. त्यांचें काय झालें, कोठें झालें, हें लष्करी इतिहासांत सांपडणार नाहीं. त्या इतिहासाची मर्यादाच ती नव्हे.

या दोन साधनांत विरोध आहे असा जो समज आहे तो म्हणूनच आम्हांस मान्य नाहीं. लष्करी इतिहास शरणागतीपाशीं थांबतो. अहवालांतील बहुतेक मजकूर त्याच्या पुढचा आहे. ब्रार यांच्या तुकड्या ज्या रस्त्यानें गेल्या त्याच्या दुतर्फा असलेल्या गांवांत त्या पुढें गेल्यानंतरच्या आठवड्यांत काय घडलें, हा प्रश्न दोन्ही कागदांच्या मधल्या जागेंत पडलेला आहे. मेनन यांचा दोष आकडा खोटा देण्याचा नाहीं. ते संस्थान खात्याचे सचिव होते. अहवाल त्यांच्या मंत्र्यापुढें आला होता. तरीहि ग्रंथ लिहितांना लढाईंतील मृतांचा आकडा देऊन त्यांनीं विषय मिटविला, हा त्यांचा दोष. वाचकाचा समज असा होतो कीं, एवढेच मेले.

सरदार पटेल यांस हें शिष्टमंडळ व त्याचा अहवाल दोन्ही रुचलीं नाहींत. रझाकारांच्या अत्याचारांविषयीं अहवाल पुरेसें बोलत नाहीं, म्हणून तो एकांगी आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. हा आक्षेप हलका समजतां येत नाहीं. १९४६ सालीं नांदेडच्या बाजूस गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. १९४८ सालीं बीदरच्या बाजूस गोर्टा येथें कत्तल झाली. २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांस खुद्द हैदराबादेंत ठार करण्यांत आलें, आणि ते मुसलमानच होते. या सर्वांचा सविस्तर वृत्तांत अहवालांत शोधूं गेल्यास मिळणार नाहीं. तथापि जे चार जिल्हे पुढें सर्वांत अधिक होरपळले तेच आधीं रझाकारांचे मुख्य अड्डे होते व तेथील लोकांनीं त्यांच्या हातून सर्वांत अधिक सोसलें होतें, हें अहवाल स्वतःच नमूद करितो. सूडाचें कारण त्यानें झांकलेलें नाहीं. कित्येक ठिकाणीं सैनिकांनीं कत्तलींत वा लुटींत भाग घेतला, असें तो म्हणतो. पुष्कळ ठिकाणीं लष्करानें मुसलमानांचें रक्षण केलें, हेंहि म्हणतो. हिंदूंनीं जीव धोक्यांत घालून शेजाऱ्यांस वांचविल्याचे दाखलेहि देतो. एकांगी कागद असे दाखले देत नाहीं. सरदारांचा आक्षेप अहवालाच्या व्याप्तीवर लागू पडतो, त्याच्या विश्वसनीयतेवर नाहीं, असा आमचा निष्कर्ष आहे. ज्या गोष्टी पाहण्यास समितीस धाडलेंच नव्हतें त्या तिनें पाहिल्या नाहींत, याबद्दल तिला दोष देतां येत नाहीं. पण केवळ तिच्या अहवालावर १९४८ सालचा संपूर्ण इतिहास लिहूं म्हणणाऱ्यास तो अवश्य द्यावा.

येथें गुप्त कारवायांचा जो दुसरा भाग आहे त्याचाहि थोडा उल्लेख केला पाहिजे, कारण तो सुंदरलाल-अहवालाच्या आधींचा असून त्याच्या मुळाशीं आहे. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे-थे करारानंतर दोन्ही बाजूंनीं छुपीं कामें चालूं होतीं. निजामासाठीं सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीं विमानें भरून शस्त्रें आणी. हाच मनुष्य १९३९ सालीं इंग्रजांकरितां जर्मनीचीं आकाशांतून गुप्तपणें छायाचित्रें घेत होता. असल्या लोकांस धंदा बदलावा लागत नाहीं, धनी बदलतो. त्यानें १९६९ सालीं आपल्या आठवणी छापविल्या व त्यांत ही सर्व हकीकत मोठ्या ऐटींत सांगितली. इकडे सरहद्दीवर मनमाड, उमरखेड, बार्शी, सोलापूर या बाजूंस स्टेट काँग्रेसचीं शिबिरें होतीं. मनमाडच्या केंद्रांतून गोविंदभाई श्रॉफ काम पाहत. या शिबिरांतील तरुणांनीं नाकीं, ठाणीं व करोडगिरीच्या चौक्या यांवर हल्ले केले. ३० जानेवारी १९४८ रोजीं उमरी येथील बँक लुटण्यांत आली. हें काम शौर्याचें होतें यांत शंका नाहीं. पण गुप्त कामाचा स्वभाव असा कीं त्यांत कागद ठेवणें हेंच धोक्याचें, आणि मग त्याचा इतिहास आठवणींवर लिहावा लागतो. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी १९६७ सालीं निघाल्या, अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ सालीं. भालेराव हे स्वतः त्या लढ्यांतले. त्यांच्या ग्रंथाचें मोल त्यामुळेंच मोठें आहे. मात्र सुंदरलाल-अहवाल छापील स्वरूपांत आला तो त्यानंतर एका वर्षानें, तेव्हां छापील पाठाशीं आपला वृत्तांत ताडून पाहण्याची संधि त्यांस मिळूं शकली नाहीं. ती आपणांस आहे.

अहवाल असें सांगतो कीं, कत्तलींत व लुटींत भाग घेण्यास सोलापूर वगैरे ठिकाणांहून बाहेरचे संघटित लोक आले होते. हे लोक कोण? शिबिरांतून परतलेले, कीं त्यांच्याशीं कांहीं संबंध नसलेले लुटारू? हा प्रश्न फार नाजूक आहे, आणि म्हणूनच त्याचें उत्तर कल्पनेनें देऊं नये. शिबिरांतील माणसांस सरसकट निर्दोष म्हणणें आणि सरसकट दोषी म्हणणें या दोन्ही गोष्टी आज सारख्याच निराधार आहेत. गांवोगांवच्या कागदांवांचून हा प्रश्न सुटणार नाहीं.

असे कागद आहेत, आणि ते गुप्त नाहींत. त्यांतला मोठा अडसर लिपीचा आहे. संस्थानाचा कारभार उर्दूंत चाले. फसली १३५७ व १३५८ या दोन सालांचे महसुली कागद ज्या तालुक्यांत शिल्लक असतील तेथें ते काढून पाहावे. घरें व जमिनी बळकावल्याचा आरोप अहवालांत स्पष्ट आहे. जमिनीचा कबजा कोणत्या सालीं कोणाकडून कोणाकडे गेला, हें पाहणीपत्रकांत दिसल्याशिवाय राहणार नाहीं. एखाद्या गांवीं त्या एका सालांत पांच-दहा खातीं एकदम फिरलेलीं आढळलीं, तर त्या गांवची हकीकत पुढें विचारावी. फिरलेलीं नसतील, तर तेंहि लिहून ठेवावें. मशिदी व दर्गे यांच्या वक्फाच्या नोंदी हें दुसरें साधन. तिसरें १९४१ व १९५१ च्या खानेसुमारीचें; परंतु त्याचा उपयोग फार जपून करावा लागतो, कारण मधल्या काळांत पुष्कळ कुटुंबें हैदराबाद शहराकडे व पाकिस्तानाकडे गेलीं, आणि गेलेला मनुष्य व मेलेला मनुष्य यांत खानेसुमारी भेद करीत नाहीं. आजच्या आमच्या तरुण संशोधकांपैकीं बहुतेकांस उर्दू वाचतां येत नाहीं. मोडी शिकविण्याचे वर्ग ठिकठिकाणीं निघाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मराठवाड्याचा विसाव्या शतकाचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे त्यास शिकस्ता उर्दूवांचून गति नाहीं.

सरकारी बाजूनें १९९३ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा व त्याखालील १९९७ चे नियम आहेत. संरक्षण खात्यानें जून २०२१ मध्यें पंचवीस वर्षांपूर्वींचे युद्धविषयक कागद सामान्यतः खुले करण्याचें धोरणहि जाहीर केलें. ब्रार यांच्या तुकड्यांच्या रोजनिशा व सैनिकी राज्यपालांच्या कचेरींतील १९४८-४९ चा पत्रव्यवहार यांची मागणी याच आधारावर करावयास पाहिजे, आणि ती मोघम न करितां तारीखवार व ठिकाणवार करावयास पाहिजे. 'हैदराबादचे सर्व गुप्त कागद द्या' अशा मागणीस कोणतीहि कचेरी उत्तर देत नाहीं. '१५ ते ३० सप्टेंबर १९४८ या काळांतील जालना ठाण्याची रोजनिशी' अशी मागणी टाळणें अवघड जातें.

शेवटीं वाचकांस एक विनंति. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, खुलताबाद, अंबड, भोकरदन व जालना या जुन्या औरंगाबाद जिल्ह्याच्या तालुक्यांतील ज्या कुटुंबांत ॲक्शनच्या सालचीं पत्रें, पावत्या, दस्त, फिर्यादींच्या नकला, शिबिरांतील चिठ्ठ्या किंवा वडील माणसांनीं लिहून ठेविलेल्या टिपणें-वह्या असतील, त्यांनीं त्या जपून ठेवाव्या. आपल्या माणसांची बाजू कोणती होती याचा संकोच न धरितां नक्कल करूं द्यावी. नकलेवर गांवाचें नांव, कागद कोणाकडून आला तें, आणि तो कोणत्या लिपींत आहे तें, एवढें टिपावें. मूळ कागद मालकाकडेच राहावा.